घोंगडी कुठं टाकायची?

मी एक काळी घोंगडी. आता ठिकठिकाणी विरले आहे. तरी जून महिना लागून बोर्डिंगात नवी मुलं येऊ लागली, की माझा जीव खालीवर होतो. का ते सांगते.

माझी लोकर माळशिरसच्या माळावरच्या मेंढ्यांची. मायाक्कानं ती कातली, सणगरानं मागावर विणली आणि चिंचोक्याची खळ देऊन मला इतकी ताठ केली, की कोपऱ्यात उभी केली तरी मी पडत नसे.

मायाक्काचा मुलगा गुंडा मराठी सातवी पास झाला. त्यांच्या धनगरवाड्यात इतकं कोणीच शिकलं नव्हतं. मास्तर म्हणाले, याला सोलापूरला इंग्रजी शाळेत घाला. बाप ज्ञानबा कबूल झाला, पण त्यानं एक अट घातली.

"दिवाळी झाली की मेंढरं घिऊन घाटाखाली जायचंय. मानूस कमी पडतंय. सहामाहीत पास झालास तर शीक. न्हायतर माज्यासंगं चल."

गुंडानं मान हलवली. मी त्याच्या खांद्यावर होते. माझी कड त्यानं मुठीत गच्च धरली होती, ते मला एकटीलाच कळलं.

कुर्डुवाडीहून आगगाडीनं आम्ही सोलापूरला आलो. राहायला दोन बोर्डिंगं होती. एक नव्या पेठेच्या मागं. तिथं एका खोलीत आठ मुलं. कोणी कविता घोकतंय, कोणी तालमीतल्या कुस्त्यांच्या गप्पा मारतंय, कोणी लोट्यावरून भांडतंय. दुसरं गावाबाहेर मळ्यात. तिथं मोठं आवार, विहीर, आणि दिवे लागले की कोणी बोलायचं नाही असा नियम.

दोन्हीकडे एकच रीत होती. नव्या मुलानं जिथं अंथरूण टाकलं, ती त्याची वर्षाची जागा. ते उचलून दुसरीकडं राहायला गेला, की त्या बोर्डिंगात त्याला परत जागा मिळत नसे.

ज्ञानबानं आयुष्यभर एकाच तऱ्हेची जागा पारखली होती, मेंढरं बसवायची. त्यानं तीच पारख इथं लावली. पायानं जमीन दाबून पाहिली, वारं कुठून येतं ते पाहिलं, विहिरीचं पाणी चाखलं.

"हितं कुत्रंसुदीक भुकत न्हाय," तो खूश होऊन म्हणाला. "गप जागा हाय." आणि त्यानं मला मळ्यातल्या बोर्डिंगात, भिंतीकडेला पसरलं. गुंडाला विचारायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

गुंडा गावात मोठ्यानं ओरडून पाठ करायचा. माळावर ऐकायला मेंढरंच असत. इथं पहिल्याच संध्याकाळी पर्यवेक्षक म्हणाले, "मनात वाच." मनात वाचलेलं त्याच्या डोक्यात राहीना. बीजगणित इंग्रजीत. वर्गात विचारायला भीती, आणि बोर्डिंगात विचारायला मनाई. पुस्तक समोर ठेवून तो माझी कड कुरतडत बसे. दसऱ्याच्या आधीच माझ्या कडेचे दोरे निघाले.

शाळेत त्याच्या बाकावर शिवलिंगप्पा बसायचा. अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा, नव्या पेठेच्या बोर्डिंगातला. "ए माळशिरस, तू मुका हायस काय रे?" म्हणून तो चिडवायचा. एका रविवारी तो गुंडाला आपल्या बोर्डिंगात घेऊन गेला. बसायला म्हणून मीही गेले. तिथं त्यानं एकच उदाहरण तीनदा भांडून शिकवलं आणि गुंडाला ते आलं! गुंडा मोठ्यानं हसला. दोन महिन्यांत मी त्याचं हसू ऐकलं नव्हतं.

पण लगेच कोणीतरी हुतूतूची हाक दिली आणि सगळी दुपार मैदानात गेली. पुस्तक उघडलंच नाही. परतताना गुंडाची पावलं जड झाली होती. इकडं कोणी बोलत नाही, तिकडं कोणी बसू देत नाही. मग पास व्हायचं कुठं राहून?

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना ज्ञानबा घोंगड्या विकायला पेठेत आला आणि मुलाला भेटायला मळ्यात आला.

"जेवतोस का?"

"व्हय."

"झोप लागती?"

"व्हय."

"आन् आभ्यास?"

गुंडा माझी कड कुरतडू लागला. ज्ञानबानं त्याची हनुवटी धरली आणि पापणी खाली ओढून पाहिली, मेंढराची पाहतात तशी. मग माझ्या कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"गप बसलेलं मेंढरू बरं हाय का आजारी, ते लांबनं कळत न्हाय बग," तो हळूच म्हणाला. "जागा मी बगितली. तुला इचारलंच न्हाय. तूच सांग, कुटं टाकायची घोंगडी?"

गुंडा बोलेपर्यंत ज्ञानबा माझी कड हातात धरून थांबला.

"आबा, नव्या पेठंत जावं वाटतंय, पर तितं लई गलका हाय. तितंबी नापास झालो तर?"

"तर येशील की माज्यासंगं. पर सवताच्या मनानं बसून बग एकदा."

एकदा उचललं की इथं परत जागा नाही. गुंडानं मला उचललं.

नव्या पेठेत शिवलिंगप्पानं खोलीच्या मधोमध जागा करून दिली. "आलं बघा मुकं मेंढरू! हितं टाक, माझ्या अंगाला."

गुंडानं मला मधोमध टाकलं नाही. बाहेरच्या पडवीत, दाराला लागून टाकलं.

"दारात कोण झोपतंय रे? कुत्रं?" सगळे हसले.

"मी झोपतोय," गुंडा म्हणाला. "अडलं की आत येतो. कळलं की भाईर जातो. आन् ओरडून वाचनार हाय, कानात बोळे घाला."

ते पंधरा दिवस माझे कसे गेले ते विचारू नका. दोन संध्याकाळी तो हुतूतूला गेलाच. निकालाच्या दिवशी मला घट्ट धरून बसला होता. बीजगणितात दोन गुणांनी वर निघाला. ज्ञानबा त्या दिवाळीनंतर एकटाच घाटाखाली गेला.

गुंडा मॅट्रिक होऊन पुढं गेला. जाताना मला नव्या पेठेतल्या बोर्डिंगालाच देऊन गेला. आता अंथरूण न आणलेल्या मुलांना मी मिळते. दर जूनमध्ये कोणीतरी बाप येतो, खोली पाहतो, खिडकी पाहतो आणि मला झटकून पसरतो. मुलगा मागं उभा असतो.

माझं एवढंच मागणं आहे. मला पसरण्याआधी एकदा मागं वळून त्याला विचारा. आणि तो लगेच बोलला नाही, तर मला हातात धरून थोडं थांबा.