खुंटीला झालेली कावीळ

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तामलवाडीच्या विहिरींत गाळ उरला आणि गावात कावीळ आली. तिच्यामागोमाग जडीवाले महाराज आले. पारावर अडीचशे माणसं जमली. ग्रामसभेला अकरा होती.

महाराज ओल्या फडक्यातून घेटुळीच्या रोपाच्या हिरव्या काड्या काढत, दोऱ्याच्या फासांत आवळत आणि ती माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवत.

"जडी अस्सल असली तरच माळ वाढते. नकली जागची हलत न्हाय. तीन दिसांत गळ्यात, सात दिसांत बेंबीला. माळ उतरली की कावीळ उतरली. तोवर सुई न्हाय, गोळी न्हाय."

हरणाबाईची सून केशर सहा महिन्यांची गरोदर. डोळे पिवळे झालेले. नर्सबाई दोनदा बजावून गेल्या होत्या: पोटुशीला कावीळ लई वाईट, सोलापूरला हलवा. पण महाराजांनी तिच्या डोक्यावर ठेवलेली माळ तिसऱ्या दिवशी खरोखरच गळ्यात आली आणि हरणाबाईनं सोलापूर रद्द केलं. केशरच्या पोटात मात्र आता पाणीही ठरत नव्हतं.

सोसायटीत शेंगांची प्रत तपासणाऱ्या पिराजीला ते ओलं फडकं खटकलं होतं. केशरनं माळ घातली त्याच दिवशी त्यानंही बायकोच्या नावानं एक आणून वजनकाट्याजवळच्या खुंटीला अडकवली होती. त्यानं हरणाबाईला बोलावून घेतलं. मागोमाग महाराजही आले.

"काकू, ही बी वीतभर वाढली. खुंटीला कावीळ झालीय का बघा."

महाराजांनी खुंटी न्याहाळली. "बाभळीची हाय. झाडाला बी रोग असतो."

"मग केशर आन् खुंटी, दोघींना सोलापूरला नेऊ," पिराजी म्हणाला. "काकू, वजन वाढवायला शेंगांच्या पोत्यावर पाणी कोण मारतं?"

हरणाबाईनं पदर सावरला. "समदं गावच मारतं."

"चार दिसांनी काय होतं?"

"वाळून पोतं ढिलं पडतं." माळेतली एक काडी तिनं चिमटीत धरली. सुकून बारीक झालेली काडी फासातून अलगद निघाली. काड्या आक्रसल्या, फास सैल पडले, अडकलेला दोरा मोकळा झाला. तेवढीच माळ वाढली होती.

"मला फसवताना वापरता ती अक्कल पारावर कुठं ठेवली व्हती, काकू?"

हरणाबाई तशीच घराकडे धावली. दुपारच्या एसटीनं केशर सोलापूरला गेली आणि एकोणीस दिवसांनी आपल्या पायांनी चालत परतली. महाराजही त्याच एसटीत होते. पुढच्या कोणत्या गावी विहिरींत गाळ आहे, याची ते कंडक्टरकडे चौकशी करत होते.

घेटुळीत गुण आहे की नाही, ते तपासणारे तपासतील. पण माळ लांबली म्हणून रोग गेला असं कुणी सांगितलं, तर दुसरी माळ खुंटीला अडकवा, दोन्ही मोजा, आणि रोग्याला आधी दवाखान्यात न्या.

ती खुंटी अजून सोसायटीत आहे. तिनं काहीच औषध घेतलं नाही. ठणठणीत आहे.