निकाली काढलेला दिवा

साहेबांनी पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात काढली आणि एकही तक्रार शिल्लक ठेवली नाही. नळ कोरडेच राहिले, तो भाग वेगळा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी शेजारीपाजारी त्यांना साहेबच म्हणत, आणि साहेबांनाही ते मनापासून पटत असे.

अशा माणसाच्या गाडीत, वेगाच्या काट्याशेजारी, एका सकाळी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

"अहो, गॅरेजमध्ये दाखवून आणा," बायको म्हणाली. "पुस्तकात लिहिलंय, दिवा नुसता लागला तर लवकर दाखवायचं आणि लुकलुकायला लागला तर तिथल्या तिथे थांबायचं."

अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकत होती आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक तिने पाठ करून टाकलं होतं. साहेबांनी ते कधी पिशवीतून बाहेरही काढलं नव्हतं.

"बघतो," साहेब म्हणाले. या एका शब्दावर त्यांना दोन बढत्या मिळाल्या होत्या.

आठवडाभर त्यांनी दिव्याला ताटकळत ठेवलं. बहुतेक तक्रारदार तेवढ्यात कंटाळतात. हा कंटाळला नाही. मग त्यांनी बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी परत जोडली. दिवा गेला. "झालं काम," त्यांनी बायकोला ऐटीत सांगितलं. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. तोच अर्जदार, तोच अर्ज! अशांची दखल घ्यायची नाही, हा त्यांच्या विभागाचा शिरस्ता होता. बायकोच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला, दिव्यावर लावला आणि नखाने कडा दाबल्या. काम मोठं सुबक झालं.

लायसन्सची ही तिची तिसरी परीक्षा. दोनदा गाडी मागे घेताना तिने खांब पाडला होता. आता नापास झाली तर दोन महिने पुन्हा बसता येणार नव्हतं. हे सांगताना तिचा आवाज कापत होता, एवढं साहेबांच्याही लक्षात आलं.

परीक्षक म्हणून लेकीच्या वयाची मुलगी शेजारी बसली, साहेब मागे. गाडी मागे गेली, खांब उभाच राहिला. आता फक्त फाटकापर्यंतचा चढ उरला होता, आणि नेमकी तिथेच गाडी थरथरायला लागली.

"काहीतरी बिघडलंय," बायको म्हणाली.

"काही होत नाही, रेट पुढे!" साहेब मागून ओरडले. "फाटक समोर दिसतंय!"

तिने हात दाखवून गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. गेली मेहनत पाण्यात!

ती काट्यांकडे वाकली. पट्टीची कड सापडताच तिने ती सोलून काढली. आत दिवा लुकलुकत होता. तिने इंजिन बंद केलं.

"हे कुणी लावलं?" परीक्षकाने विचारलं.

"आमच्या घरच्या तक्रार विभागाने."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर नुसती भिंत होती.

"मी नापास का हो?"

"काकू, मागून एवढी आरडाओरड चालू असताना तुम्ही थांबलात. पास! गाडी मात्र टोचन लावून न्या."

टोचनवाल्याची वाट बघत दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. साहेबांना लाज वाटत होती आणि हायसंही वाटत होतं.

"आता बहिणीकडे चकरा सुरू होणार तुझ्या," ते म्हणाले.

"बहिणीकडे कशाला? महिन्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागतं. दोन बस बदलून."

"दवाखान्यात? कुणाला काय झालंय?"

"मला. जिना चढताना धाप लागते, हे उन्हाळ्यातच सांगितलं होतं तुम्हाला. हृदयाचं दुखणं निघालं. गोळ्या चालू आहेत."

साहेबांना आठवलं. ती सांगत होती तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं.

"पुढच्या वेळी मी येतो बरोबर," ते कसंबसं म्हणाले.



"या," ती म्हणाली. "मागे बसा आणि डॉक्टर काय सांगतात ते ऐका."