हायलुंडच्या सभाघराची किटली

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची किटली आहे. घरात चार जणांसाठी ठेवतात तशी नव्हे. मला भरून उचलायला दोन्ही हात लागतात आणि थोडा हट्टही लागतो. ज्यांनी मला उचलले, त्यांच्याकडे तो होता.

हाडर्सलेव गावातल्या एका तांबटाने मला हातोड्याने ठोकून घडवले. तेव्हा प्रशिया या जर्मन राज्याने आमचा मुलूख डेन्मार्ककडून लढाईत जिंकून काही वर्षे झाली होती. उत्तरेची कोंगेओ नदी सरहद्द बनली होती. नदीपलीकडे डेन्मार्क होता. अलीकडे आम्ही होतो. घरात बोली डॅनिश होती, शाळेत फळ्यावर जर्मन आणि भिंतीवर जर्मन बादशहाचे चित्र. डेन्मार्कच्या लाल-पांढऱ्या झेंड्याला बंदी होती, म्हणून लोक लाल अंगावर पांढरा पट्टा असलेली डुकरे पाळत आणि त्यांना मुद्दाम रस्त्याच्या बाजूला बांधत.

हायलुंड गावच्या खाणावळवाल्याने मला विकत घेतले होते. त्याच्या मोठ्या खोलीत गावकरी जमत, गाणी म्हणत, व्याख्याने ऐकत. एक दिवस कचेरीतून त्याला निरोप आला की या लोकांना खोली दिलीस तर दारूचा परवाना जाईल. बिचाऱ्याने खोलीला कुलूप लावले. पण त्याच संध्याकाळी तो मला पोत्यात गुंडाळून, सभा भरवण्यात पुढे असणाऱ्या बोटिलाबाईंच्या शेतावर घेऊन आला.

"बोटिलाबाई, खोली मी देऊ शकत नाही," तो म्हणाला. "किटलीबद्दल मला कुणी काही बोललेलं नाही."

मग गावाने स्वतःचे सभाघर बांधले. विटा एकाने दिल्या, तुळया दुसऱ्याने दिल्या. दारूच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. सरकारला वाटले, कोरड्या घरात डेन लोक किती वेळ बसतील? सरकारने आमच्या बायकांचा विचार केला नव्हता. दारू नाही तर कॉफी, आणि कॉफी म्हटली की केक. प्रत्येकीने आपापला आणला. राय धान्याच्या पावाच्या चुऱ्याचा, साय आणि काळ्या मनुकांसारख्या आंबट फळांचा मुरांबा घातलेला थरांचा केक तर असा उंच होऊ लागला, की पलीकडे बसलेला माणूस दिसेना.

"सिलेमावशी, आज तुमचा केक जरा कडक झालाय का हो?"

"कडक नाही गं, दात तुझे प्रशियाचे आहेत. आमचं काही चावतच नाहीत."

दर शनिवारी हे असे चाले. मी मधोमध असे. लोक माझी स्तुती करत, आणि खरे सांगते, मला ती आवडे.

प्रत्येक सभेला पोलीस जमादार वेंडलांड हजर असे. तो दूर पूर्वेकडून बदलून आलेला होता. आपले टोकदार शिरस्त्राण टेबलावर ठेवून तो कोपऱ्यात ऐकत बसे. बोलणाऱ्याचे बोलणे सरकारला रुचणार नाही असे वाटले, की तो शिरस्त्राण डोक्यावर चढवी. त्याचा अर्थ एकच होता, सभा बरखास्त.

मग नवे मोठे साहेब आले आणि नवा हुकूम आला. डॅनिश सभा भरवणाऱ्याचा गडी जर नदीपलीकडचा नागरिक असेल, तर त्या गड्याला हद्दपार करायचे. शिक्षा मालकाच्या गुन्ह्याची, पण घर सुटणार गड्याचे.

बोटिलाबाई विधवा होत्या. त्यांच्याकडे एकच गडी होता, लाऊस्ट. तो पलीकडचा, पण पोरवयात इथे आलेला. पलीकडे त्याचे कोणी उरले नव्हते. एका दुपारी जमादार त्यांच्या स्वयंपाकघरात आला. मी चुलीवरच होते.

"बोटिलाबाई, सरळ सांगतो. शनिवारी सभाघरात जी कॉफी ओतेल, तिला आम्ही यजमानीण धरणार. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

"आणि कुणी ओतलीच नाही तर?"

"तर पुढच्या शनिवारी लोक येणार नाहीत. साहेबांना तेच हवंय."

"तुमच्या साहेबांना कॉफी सोसत नाही वाटतं."

"चेष्टा नको, बाई. गाईंचं दूध कोण काढणार? साहेब येणार आहेत का?"

"साहेबांना गाई जवळ येऊ देणार नाहीत."

जमादार हसला नाही. तो गेला तेव्हा लाऊस्ट गोठ्याच्या दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

"मी ठरवणार नाही," बोटिलाबाई त्याला म्हणाल्या. "घर तुझं जाणार आहे. तू सांग."

लाऊस्टने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

"मालकीणबाई, माझ्यापायी तुम्ही ती किटली खाली ठेवलीत, तर मी रोज तिच्यासमोर बसून जेवायचं कसं? तुम्ही ओता. सगळ्यांसमोर ओता."

"लाऊस्ट, पलीकडे तुला झोपायला जागा नाही."

"पलीकडे गवत आहे ना? झोपेन गवतात."

शनिवारी सभाघर भरले. पलीकडून आलेल्या एका मास्तरांनी जुन्या कायद्यांवर बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा जिथे त्यांनी "आपला देश" असे म्हटले, तिथेच वेंडलांडने शिरस्त्राण चढवले. मास्तर खाली बसले. कोणी उठले नाही. सगळ्यांची नजर माझ्यावर होती.

बोटिलाबाई उठल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि सरळ कोपऱ्यात जमादाराकडे नेले. पहिला पेला त्याचा भरला, काठोकाठ.

"सभा तुम्ही संपवलीत, जमादार. ती संपली. आता कॉफी. आणि या गावात केकचे सगळे प्रकार चाखल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नसतं."

"आणि ती टोपी काढा," सिलेमावशी ओरडल्या. "वाकलात की टोकाला साय लागेल!"

घर हसण्याने हादरले. वेंडलांडने क्षणभर पेल्याकडे पाहिले. मग शिरस्त्राण काढले आणि बशी हातात घेतली. त्याने केक खाल्ला, नीट, शेवटच्या तुकड्यापर्यंत. आणि नंतर हुकूमही पाळला. दोन्ही गोष्टी त्याने केल्या, आणि दोन्ही मी तुम्हाला सांगितल्याच पाहिजेत.

लाऊस्टला नदीच्या पुलावरून पलीकडे नेले गेले. बोटिलाबाई पुलापर्यंत चालत गेल्या. परत आल्या तेव्हा गोठ्यात शेजारच्या बायका दूध काढत बसल्या होत्या. कोणी कोणाला बोलावले नव्हते.

पुढच्या शनिवारी मला सिलेमावशींनी उचलले. त्यांचा गडी गेला. त्यानंतर गिरणीवाल्याच्या बायकोने उचलले. तिचा गेला. काही आठवड्यांनी अशी वेळ आली, की गावात हाकलायला पलीकडचा माणूसच उरला नाही आणि कॉफी चालूच होती. शेवटी साहेब बदलले. हुकूम ढिला पडला. लाऊस्टला मात्र परतीची परवानगी मिळाली नाही.

मग महायुद्ध आले. आमच्या तरुणांना जर्मन गणवेश घालून आघाडीवर नेले. ज्या बादशहाचे चित्र त्यांनी शाळेत नाइलाजाने पाहिले होते, त्याच्यासाठी ते मेले. तोफगोळ्यांना तांबे कमी पडू लागले तसा घराघरांतून तांब्याची भांडी गोळा करण्याचा हुकूम निघाला. वेंडलांड पुन्हा आला. आता म्हातारा झाला होता.

"बाई, ती किटली?"

"हरवली."

"एवढी मोठी?"

"लढाईत याहून मोठं काय काय हरवतंय, जमादार."

तो डुकरांच्या गोठ्यापर्यंत गेला आणि नुकत्याच उकरलेल्या जमिनीकडे पाहून तसाच परतला. मी त्याच जमिनीखाली होते. तिथे मी काळोखात पडून राहिले. हिरवी पडले, एका बाजूने चेपले. तिथे मला कोणी वाखाणत नव्हते. पण तोफगोळा होऊन कोणाच्या छातीत घुसण्यापेक्षा ते बरे होते.

युद्ध संपले. आमच्या मुलखाने डेन्मार्कच्या बाजूने मत दिले आणि सरहद्द दक्षिणेला सरकली. मला वर काढले. तांबटाने चेप काढला, आतून नवी कल्हई लावली. आणि लाऊस्ट त्याच पुलावरून चालत परत आला. केस पांढरे झाले होते. बोटिलाबाईंनी त्याला दारातच विचारले, "गवत कसं होतं?"

"ओलं," तो म्हणाला.

पहिल्या शनिवारी सभाघरात झेंडे होते, गाणी होती. कॉफी उकळत असताना दारात मथीसन सुतार येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन. तो याच गावचा, पण घरी जर्मन बोलणारा. त्याने जर्मनीला मत दिले होते आणि ते लपवले नव्हते. सभाघराच्या तुळया त्याच्याच रंध्याखालून गेल्या होत्या.

"ए मथीसन, तुझी गाडी दक्षिणेला जाते!" एक तरुण ओरडला. "जा तिकडे, तिथे पी कॉफी!"

काही जण हसले. बोटिलाबाईंनी मला उचलायला हात पुढे केला, पण त्याआधी लाऊस्टने मला उचलले होते.

"याला बाहेर काढायचं असेल, तर आधी मला काढा," तो म्हणाला. "मला रस्ता माहीत आहे."

लाऊस्ट दारापर्यंत चालत गेला आणि मथीसनचा पेला तिथेच भरला. ज्याला राग आला, तो घरी गेला. त्या संध्याकाळी माझ्या अंगातली कॉफी मला सर्वांत जास्त कडक वाटली.

मित्रांनो, आता सभाघरात विजेवर चालणारे यंत्र आहे. मी फळीवर असते. मागच्या महिन्यात कोणीतरी म्हणाले, हिच्यात माती घालून फुले लावू. मी तुम्हाला ठणकावून सांगते, माझ्यात फुले लावू नका. तांबे शोभेसाठी ठेवले की आतून हिरवे पडते, आणि मग त्यातला घोट विषारी होतो. मला घासा, कल्हई लावा, चुलीवर ठेवा. आणि पहिला पेला भरण्याआधी एकदा दाराकडे पाहा. तिथे कोणी आत यावे की नको, या विचारात उभे आहे का?