मूठ आधी पडली

सोमवारी, १४ फेब्रुवारी १९४९ रोजी सकाळी साडेआठ वाजता भोरच्या दवाखान्यात उपेंद्र डॉक्टरांनी मुंबईच्या सर्जनसाठी लिहिलेली चिठ्ठी वाचून दाखवली. रोगी रखमाजी, राहणार पासली, वय चौतीस. मेंदूत गाठीचा संशय. झटका उजव्या हातापासून सुरू होतो, सबब मानेच्या डाव्या शिरेत औषध भरून फोटो घ्यावा.

रखमाजीची बायको सगुणाबाई दाराशी बसली होती. थोरले दीर सावळाराम समोर, त्यामुळे पदर पुढं ओढलेला आणि तोंड बंद. झटक्याची सुरुवात तिनं एकटीनंच पाहिली होती, भाताच्या आवणीत, रोपं लावताना. कोणता हात वाकडा झाला ते तिनं घरी सासूला हातानं करून दाखवलं. सावळारामनं ते पाहिलं आणि इथं सांगितलं.

डॉक्टर समजावत होते. साध्या क्ष-किरणांत मेंदूच्या रक्तवाहिन्या दिसत नाहीत. औषध भरलं की उमटतात, आणि कुठं रेटल्या गेल्यात त्यावरून गाठीचा ठाव लागतो. कवटी उघडायची ती त्या फोटोवरूनच. उजव्या हाताला मेंदूची डावी बाजू चालवते, म्हणून डावी शीर. दोन्हीकडं सुई या माणसाला झेपायची नाही.

सगुणाबाईनं पदराखाली आपलाच उजवा हात उचलून पाहिला.

“मूठ आदी पडली,” ती म्हणाली.

“तू गप ऱ्हा,” सावळाराम म्हणाला. “डाक्टर काय येडं हायती?”

डॉक्टरांनी विचारलं, “कसली मूठ?”

“रोपाची जुडी. हात वाकडा झाला अन् मूठ चिखलात पडली, मागनं धनी पडलं. म्या समोरनं येत हुते. माज्या उजव्या अंगाला.”

डॉक्टरांना उलगडा होईना. सावळारामला मात्र झाला. त्यानं आपला डावा हात पुढं केला.

“आवणीत मूठ डाव्या हातात असती, डाक्टर. उजव्यानं रोप लावायचं. उजव्या हातात मूठ धरनारा आमच्या पासलीत अजून जल्मायचाय. हिनं समोरनं दिसला तसा हात दावला, आरशागत.”

बाकावरून रखमाजी म्हणाला, “मला कुनी इचारलंच न्हाई.”

झटक्यातलं काही आठवतं का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर त्यानं नाही म्हटलं. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली. दुसरीत डावा हात, उजवी शीर असं लिहिलं. सव्वानवाच्या मोटारीनं दोघे भाऊ मुंबईला गेले.

गुरुवारी सगुणाबाईच्या नावानं सावळारामची तार आली: फोटोत उजवीकडच्या रक्तवाहिन्या वर रेटलेल्या, ऑपरेशन शनिवारी सकाळी. सोमवारी दुपारी सगुणाबाई पुन्हा भोरच्या तारघरात गेली. तिच्या नावाची दुसरी तार तोवर आलेली नव्हती.