स्वयंपाकघर सोडून

योगीराजने मोजपट्टी हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडकीपासून ओढत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणली आणि तिथेच सोडून दिली. पट्टी सर्रकन डबीत शिरली. दारापलीकडे त्याने डोकावूनही पाहिलं नाही.

"आणि आत?" हर्षिताने विचारलं.

"किचन आपण धरत नाही, मॅडम." एसी कंपनीचा हा इंजिनिअर बेळगावचा, त्यामुळे या कानडी शहरातही सगळं बोलणं मराठीत चाललं होतं. "डक्टच्या एसीत सगळ्या घराची हवा फिरून एकाच मशीनमध्ये परत येते. किचनची हवा त्यात घेतली तर फोडणीचा वास बेडरूमपर्यंत जाणार."

"सरी, सरी, बरोबर आहे," सोफ्यावरून हर्षिताचे सासरे, विठोजी, म्हणाले. "माझ्या उशीला मटणाचा वास नको. मशीन मात्र मोठं लावा. आमच्या धाकट्या भावाकडे आठ टनाचं आहे. इथे दहाचं बसवा."

योगीराजने मान हलवली. गरजेपेक्षा मोठं मशीन घर झटकन गार करतं आणि थांबतं, हवेतला दमटपणा तसाच राहतो, मग अंग चिकचिकतं, असं त्याने समजावलं. खोल्या किती, पश्चिमेला काच किती, गच्चीचं ऊन कुठे उतरतं, माणसं कुठे बसतात, यावर टन ठरतात. भावाच्या घरावरून नाही. एरवी सासऱ्यांना कुणीतरी नाही म्हटलेलं ऐकून हर्षिताला बरं वाटलं असतं. पण ती पट्टी सुटली तेव्हापासून तिचं डोकं तापलं होतं.

हा एसी कुणासाठी होता? एप्रिलच्या सुरुवातीला सासूबाईंना, सगुणाबाईंना, तव्यासमोर भोवळ आली होती. हर्षिताने मागून धरलं नसतं तर हात तव्यावरच पडला असता. उन्हाच्या वेळी गॅससमोर उभं राहायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्याच संध्याकाळी हर्षिताच्या नवऱ्याने, यशोवर्धनने, "आईसाठी घरभर एसी करतो" असं जाहीर केलं. जयनगरातल्या तमाम नातेवाइकांना ते सांगूनही झालं. घरभर म्हणजे आई जिथे उभी असते तेवढी जागा सोडून, हे मात्र आज कळत होतं.

"यश, आई दिवसभर असतात कुठे?"

यशोवर्धन मोबाइलवर एसीच्या जाळ्यांचे रंग बघत होता. "अगं, काम झालं की हॉलमध्ये येऊन बसेल ना ती. मस्त गार."

"आणि काम कधी होतं?"

त्याने बोटाने पुढचा रंग सरकवला.

"किचनला वेगळा छोटा एसी देता येईल," योगीराज म्हणाला, "पण गॅसच्या ज्योतीवर झोत येता कामा नये. एक भिंत फोडावी लागेल."

"भिंत-बिंत फोडायची नाही," विठोजी म्हणाले. "आत पंखा आहे की."

गॅस पेटला की तो पंखा बंद करावा लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत असायला कधी आत जावं लागतं.

"मग ऊन चढायच्या आत चपात्या करून डब्यात ठेवू," हर्षिता म्हणाली.

"डब्यातली चपाती मी खात नाही," विठोजी म्हणाले. " आपल्या घरात तव्यावरची पानात पडते. माझ्या आईपासून."

ही या घराची मोठी मिजास होती. पुरुष पानावर बसायचे आणि बाई एकेक चपाती तव्यावरून उतरवून, तूप सोडून, धावत आणून वाढायची. शेवटचा माणूस हात धुवायला उठला की बायका उरलेल्यावर बसायच्या. लग्न ठरवताना हर्षिताच्या वडिलांनाही हे कौतुकाने सांगितलं गेलं होतं.

योगीराज घुटमळला. "सर, मग एक अडचण आहे. दार उघडलं की गार हवा आत जाणार, तापलेली बाहेर येणार. जेवणाच्या वेळी दार किती वेळा उघडतं?"

बाप-लेकाने एकमेकांकडे पाहिलं.

"एक-दोनदा," विठोजी म्हणाले.

"आप्पाजी, तुम्ही एकटे पाच चपात्या खाता," हर्षिता म्हणाली.

"मग आपोआप मिटणारं दार बसवू," योगीराज घाईने म्हणाला. "स्प्रिंगचं. खांद्याने ढकललं की उघडतं."

"हे छान," यशोवर्धन म्हणाला.

"छान? ढकलणार कोण आहे ते?" हर्षिताचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "एका हातात उलथणं, दुसऱ्या हातात चपाती आणि खांद्याने दार! भोवळ आईंना आली, एसी त्यांच्या नावाने आला, आणि दार लावायचं तेही त्यांच्याच तोंडावर? लाज वाटत नाही?"

"हर्षिता, बाहेरच्या माणसासमोर..."

"बाहेरच्या माणसाने निदान विचारलं तरी, दार किती वेळा उघडतं!"

"सूनबाई, स्वल्प हळू," विठोजी म्हणाले.

पदराला हात पुसत सगुणाबाई दारात आल्या होत्या. चेहरा गॅसच्या आचेने लाल झाला होता. त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण बोलल्या त्या योगीराजशी.

"दार बंद ठेवायचं, एवढंच ना?"

"हो अक्का. होता होईल तो बंदच."

"सरी. आता जेवूनच जा. रस्सा झालाय, पानं घेते."

हर्षिताला त्या क्षणी सगळ्यांपेक्षा जास्त राग सासूचा आला. आपण इथे कुणासाठी भांडतोय, आणि ही बाई मान तुकवून पानं वाढायला निघाली.

टेबलावर रस्सा, भात, कांदा, लिंबू मांडून झालं. तिघे पुरुष बसले. सगुणाबाईंनी हर्षिताला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

तवा तापला होता. पंखा बंद. पहिली चपाती टम्म फुगली तशी हर्षिताने बाहेर न्यायला ताटली पुढे केली. सगुणाबाईंनी चपाती ताटलीत टाकली, तूप सोडलं आणि रश्श्याची वाटी तिच्या शेजारी ठेवली.

"खा."

"आई, बाहेर ते..."

"खा. गार होईल."

दुसरी त्यांनी स्वतःला घेतली. ओट्याला टेकून, उभ्यानेच तुकडा मोडला. बोटं भाजली तशी त्यांनी त्यांवर फुंकर घातली आणि पुन्हा मोडला. सासूला गरम चपाती खाताना हर्षिता पहिल्यांदाच बघत होती.

"सगुणा, चपाती!" बाहेरून हाक आली.

"दार उघडायचं नाही."

"अगं, एसी कुठे बसलाय अजून!"

"सवय लागायला हवी," सगुणाबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी जरासुद्धा चढवला नाही.

बाहेर योगीराज खाकरला. मी भातच घेतो, असं काहीतरी म्हणाला. यशोवर्धनने एकदा "आई" म्हणून पाहिलं. मग खुर्ची सरकली, दार उघडलं आणि विठोजी ताट हातात घेऊन दारात उभे राहिले. तापलेली हवा तोंडावर आली तसे ते मागे सरले.

"आत या, नाहीतर बाहेर थांबा," सगुणाबाई तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "दार तेवढं लावा."

विठोजींनी सुनेच्या ताटलीकडे पाहिलं, मग बायकोच्या. ते आत आले आणि त्यांनी दार लावलं. बसायला तिथे काही नव्हतं, कधीच नव्हतं. फ्रिज आणि सिंक यांच्यामध्ये ते ताट धरून उभे राहिले. बघता बघता घाम कपाळावरून मिशीत उतरला.

तव्यावरची चपाती फुगली. त्यांनी ताट पुढे केलं.

"ही हर्षिताची," सगुणाबाई म्हणाल्या.

ताट मागे गेलं. पुढची कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. नवा गोळा घेतला आणि लाटायला लागल्या.