दारात अडलेला मेहुणा

मेजरसाहेबांच्या शौर्याची सुरुवात उस्तादाच्या बुटापासून झाली होती, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. आणि दोघंही तोंड शिवून होते.

गोष्ट गेल्या लढाईतली. एका पुलावर उतरायचं होतं. विमानाच्या दारात हिरवा दिवा लागला आणि सगळ्यांत पुढे असलेले साहेब, तेव्हाचे कॅप्टन, दोन्ही हातांनी चौकट धरून उभेच राहिले. मागे जवान पॅराशूटचे हुक तारेला अडकवून ताटकळलेले. उड्या घेणाऱ्यांच्या पलटणीत अशा वेळचा एक रिवाज असतो : उड्या शिकवणाऱ्या, दारावर उभ्या असलेल्या उस्तादाने कंबरेखाली लाथ घालायची आणि दोघांनी ती मरेपर्यंत विसरायची. उस्तादाने घातली. साहेब पडले ते थेट शत्रूच्या मशीनगनच्या पाठीमागे. तिथून पुढचं सगळं मात्र त्यांचं स्वतःचं. खांद्याचं हाड मोडलेलं असताना त्यांनी ती मशीनगन हिसकावली, पांगलेल्या जवानांना शिव्या घालून गोळा केलं आणि कुमक येईपर्यंत पूल सोडला नाही. त्याबद्दल मिळालेल्या पदकात खोट काढायला जागा नव्हती. उडी तेवढी दुसऱ्याची होती.

आता नवी लढाई तोंडावर आली आणि सरावात उस्तादाचा मेहुणा दारात अडला. नुसता अडला नाही, फतकल मारून बसला. उस्तादाने पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. बायकोचा एकुलता एक भाऊ! त्याला लाथ घालून घरी जेवायला कुठल्या तोंडाने बसायचं? विमान त्याला घेऊनच परत उतरलं.

अडलेल्याचा पंखांचा बिल्ला सगळ्यांसमोर उपटायचा आणि त्याला घरी धाडायचं, असा पलटणीचा कायदा होता. ते कळताच उस्तादाची बायको म्हणाली, "अहो, गल्लीत तोंड दाखवण्यापेक्षा जीव देईल तो. साहेब तुम्हाला मानतात ना? मग जा की!"

उस्ताद गेला. साहेब टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"एक संधी द्या साहेब. मुलगा वाईट नाही."

"दारावर तुम्हीच होतात ना, उस्ताद? मग लाथ का नाही घातलीत?"

"मेहुणा आहे साहेब."

"अस्सं." साहेबांनी टोकावरचा भुसा फुंकला. "आणि मी कोण होतो? वाटेवरचा धोंडा?"

इतक्या वर्षांत हा विषय पहिल्यांदाच निघाला होता, आणि तोही साहेबांच्या तोंडून.

"त्या लाथेने माझा माणूस केला," साहेब अगदी मायेने म्हणाले. "घरच्यालाच उपाशी ठेवता होय? राहू दे त्याचा बिल्ला. उद्या पहाटे खऱ्या उडीला तो सगळ्यांत पुढे. माझ्याही पुढे. दारावर तुम्ही."

"साहेब, पण पहिल्यावरच तर सगळ्या बंदुका..."

"पहिल्यावर नेम धरतात म्हणून तर दुसरा उतरतो. मला उतरायलाच हवं. खाली पलटण कोण चालवणार, तुमचा मेहुणा?" साहेब हसले. "नाहीतर बिल्ला उपटू. तुमच्याच हाताने. बोला."

बिल्ला गेला तर मेहुणा जीव देणार, असं बायको छातीठोक सांगत होती. उडीत निदान वाचला तर वाचला असता. "उडी," उस्ताद म्हणाला, आणि सवयीने सलामही ठोकून आला.

पहाटे हिरवा दिवा लागला. मेहुण्याने चौकट धरली आणि मान वळवली. "दाजी, नको ना. मी जातो घरी. हसले लोक तर हसू देत."

उस्ताद हलेना. मेहुण्याच्या मागून साहेबांनी विचारलं, "काय उस्ताद, पाय दुखतोय का?"

उस्तादाने लाथ घातली. शिकवतात तशी, नेमकी. पॅराशूट उघडलं आणि खालच्या सगळ्या बंदुका तिकडे वळल्या. "छान," म्हणत साहेबांनी उडी घेतली, या वेळी कुणाच्याही मदतीशिवाय. दुपारपर्यंत शत्रूची धावपट्टी त्यांच्या ताब्यात होती. एवढ्या कमी माणसांच्या मोबदल्यात ती कुणी घेऊ शकलं नसतं, असं सगळेच म्हणाले, आणि ते खरंही होतं.

साहेबांना दुसरं पदक मिळालं. मेहुण्यालाही मिळालं. ते साहेब स्वतः घरी घेऊन आले, बहिणीच्या हातात ठेवलं, "वाघ होता तुमचा भाऊ," म्हणाले, पाणी प्यायले आणि गेले.

ती बराच वेळ पदक उलटंपालटं करत राहिली.

"अहो, घाबरला होता का हो तो?"

"नाही."

"दारात त्याच्याजवळ कोण होतं?"

"मी होतो."

"मग बरं झालं," डोळे पुसत ती म्हणाली. "तुम्ही नसता तर त्याच्याच्याने झालं नसतं."