इंद्रजितच्या नावाची पिशवी

थोरल्या भावाच्या नावानं रक्त दिलं तेव्हा आकारामच्या मनात पाप नव्हतं. भीती होती. आणि भित्रा माणूस पाप्यापेक्षा जास्त घोटाळे करून ठेवतो.

आकाराम सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचा. घर वाईजवळच्या गावात, महिन्यातून दोनदा जायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगातली रगच गेली. पन्नाशीच्या आत जिन्यात बसून दम खायची पाळी आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पुरुषाच्या अंगात तयार होणारं टेस्टोस्टेरॉन फारच कमी पडतंय. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन सुरू झालं आणि गडी उठून उभा राहिला. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही. पैलवान आणि फौजींच्या गावात असलं औषध घेणं म्हणजे अब्रूचं खोबरं! त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण इंजेक्शनानं ताकदीबरोबर रक्तही वाढवलं. तोंड लालबुंद झालं, डोकं जड राहू लागलं, निजलं की कानात ठोके पडायचे.

"तांबड्या पेशी फार वाढल्यात," डॉक्टर म्हणाले. "रक्त दाट झालंय, गुठळी झाली तर अर्धांगवायू होईल. डोस कमी करू, पुन्हा तपासू. गरज पडली तर इथंच एक पिशवी रक्त काढून टाकू. स्वतःच्या मनानं काही करू नका."

डोस कमी म्हणजे पुन्हा ती मरगळ. एवढ्या सगळ्यातून आकारामनं सोयीचं तेवढं उचललं: रक्त काढलं की उतरतं. तो डॉक्टरकडं फिरकला नाही, इंजेक्शन एका कंपाउंडरकडून घेत राहिला, आणि तासगावच्या रक्तदान शिबिरात "कसलंही औषध चालू नाही" असं सांगून मोकळा झाला. डोकं हलकं झालं. दीड महिन्यात पुन्हा जड. तेवढ्यात विश्रामबागेत शिबिर लागलं, पण ते त्याच रक्तपेढीचं. त्याचं नाव आणि नंबर त्यांच्याकडं होते, आणि तीन महिने झाल्याखेरीज ते परत घेणार नव्हते.

अर्जावर त्यानं इंद्रजितचं नाव लिहिलं. नंबरही दादाचाच लिहिला. स्वतःचा सोडून तोच एक पाठ होता.

इंद्रजित फौजेत होता. दहा वर्षांपूर्वी बर्फाचा कडा कोसळला, बाकीचे सापडले, तो सापडला नाही. सरकारनं कागद दिला, भावकीनं दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, अंजनावहिनीनं कुंकू पुसलं. सुट्टीवरून जाताना तो घरी ठेवून गेलेला फोन मात्र तिनं कधी बंद पडू दिला नाही. हे आकारामच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती सांगलीत हजर. हातात नवऱ्याचा फोटो, आणि कपाळावर कुंकू.

"भावजी, ह्ये हितं हायती! रगत दिल्याचा मेसेज आलाय त्यांच्या फोनवर!"

"वैनी, नावात चूक झाली आसंल."

"आन् नंबर बी चुकला?"

शिबिराच्या हॉलसमोर चहाची गाडी होती. आकाराम मागंच घुटमळला. महिनाभर दाढी करताना आरशात त्याला दादाच दिसत होता. तसाच तांबडा चेहरा, तशाच भरलेल्या मिशा. अर्जावर नाव आपण लिहिलं की दादानं हात धरून लिहून घेतलं, असंही आता त्याला वाटायला लागलं होतं.

चहावाल्यानं फोटो निरखला. "व्हय की ताई, रगत देऊन हितंच चहा पिला. असाच गडी. तोंड लय लाल व्हतं."

अंजनानं भर रस्त्यात हात जोडले. ती रडत होती आणि हसत होती. आता गप्प राहिलं तर ही बाई जन्मभर सांगलीच्या रस्त्यांवर फोटो दाखवत फिरेल, हे आकारामला दिसलं. त्यानं तिला हॉलच्या पायरीवर बसवलं.

"वैनी, त्यो मी व्हतो."

तिनं एकटक पाहिलं. "जिमीन पायजे तर समदी तुमालाच ठेवा, भावजी. पर त्यास्नी परत मारू नका."

मग त्यानं बाही वर केली आणि सुईचा काळानिळा डाग दाखवला. घरी कुणाला सापडू नये म्हणून पिशवीतच बाळगलेला डॉक्टरचा रिपोर्ट काढला. जे बायकोला सांगितलं नव्हतं ते सगळं, इंजेक्शनाच्या नावासकट, भर दुपारी वहिनीला सांगितलं. लाजेनं त्याला मान वर करवत नव्हती.

अंजनानं रिपोर्ट घेतला, न वाचताच घडी करून परत दिला.

"डाक्टरकडं जावा," ती म्हणाली. "आदी त्ये करा."

"जातो."

"तितं नाव पुकारत्यात न्हवं? त्यांचं पुकारलं?"

"व्हय."

"आन् तुमी ओ दिली?"

"दिली, वैनी."

अंजनानं पदराचं टोक कपाळापर्यंत नेलं, आणि हात तिथंच थांबला.

"धा वर्सं मी मनातनं हाक मारतीया, भावजी," ती म्हणाली. "मला एकदा बी ओ आली न्हाई."